मेमरी डंपचं चित्र काढताय? या चुका टाळा

चालू प्रोग्रामची मेमरी फाइलमध्ये उतरवून घ्यायची (हाच डंप) आणि प्रत्येक बाइटचा एक ठिपका मांडायचा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मधलं सगळं राखाडी. कृती एवढीच. निघालेलं चित्र कधी फ्रेम करून लावण्यासारखं असतं, तर कधी कोड वाचून न सापडलेला बग त्यात सरळ डोळ्यांना दिसतो. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय म्हणूनही हे उत्तम आहे. वेगळा खर्च नाही, लिनक्स असलेला लॅपटॉप पुरतो. पथ्य एकच: चित्रातल्या कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं की तो कोणत्या पत्त्यावरचा बाइट आहे, हे सांगता आलं पाहिजे. खालच्या बहुतेक चुकांत नेमका हाच धागा तुटतो.

मेमरी डोळ्यांनी बघणं ही आजची टूम नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरच्या 'बेबी' संगणकावर पहिला प्रोग्राम चालला, तेव्हा त्याची १०२४ बिटांची मेमरी कॅथोड-रे ट्यूबमध्ये साठवलेली होती आणि उत्तर वाचायचं ते पडद्यावरचे ३२ बाय ३२ ठिपके बघूनच.

डंप घेतानाच होणारा घोळ

प्रोग्राम पळत असताना प्रॉक फोल्डरमधून (लिनक्स चालू प्रोग्रामांची माहिती इथे दाखवतं) त्याची मेमरी कॉपी करू नका. दोनशे एमबी कॉपी होईपर्यंत प्रोग्रामने त्यातला बराच भाग बदललेला असतो. चित्राचा वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्याच. लिंक्ड लिस्टचा पॉइंटर (पुढच्या नोंदीचा पत्ता) दिसतो, पण तो दाखवतो तिथे काहीच नसतं, आणि नसलेला बग शोधण्यात संध्याकाळ जाते. जीडीबी या डीबगरबरोबर (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) येणारी जीकोअर कमांड वापरा. ती प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) थांबवून डंप घेते आणि मग पुढे सोडते. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं आलं तर घाबरू नका. उबुंटूवर साध्या युजरला आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या प्रोसेसला डीबगर जोडता येत नाही. सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावा.

क्रॅश झाल्यावर डंपची फाइलच मिळत नसेल तर आधी यूलिमिट कमांडने कोअरची (डंपच्या फाइलची) मर्यादा बघा. ती बऱ्याचदा ० असते. अनलिमिटेड करा आणि त्याच टर्मिनलमधून प्रोग्राम चालवा, नव्या टर्मिनलमध्ये ती सेटिंग जात नाही. तरीही फाइल नसेल तर कर्नलची कोअर-पॅटर्न ही सेटिंग उघडा. ती ओळ पाइपच्या उभ्या रेघेने सुरू होत असेल तर डंप दुसराच प्रोग्राम उचलून नेतोय: उबुंटूवर बहुधा अपोर्ट, इतर ठिकाणी सिस्टिमडी. सिस्टिमडी असेल तर कोअरडंप-सीटीएलने तो बाहेर काढता येतो.

आता खरी गोम. कोअर फाइल म्हणजे मेमरीची सरळ नक्कल नव्हे. तिच्या सुरुवातीला हेडर असतो, पुढे मेमरीचे तुकडे एकाला एक चिकटवलेले असतात आणि मधल्या रिकाम्या पत्त्यांच्या दऱ्या गायब असतात. म्हणजे फाइलमधलं अंतर आणि मेमरीतला पत्ता यांचा थेट संबंध नाही. अख्खी फाइल चित्रात ओतली की ठिपक्यावरून पत्ता काढायचा मार्ग बंद. त्यापेक्षा प्रॉकमधल्या मॅप्स फाइलमधली 'हीप' (प्रोग्रामने चालताना मागितलेली जागा) लिहिलेली ओळ शोधा, सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता टिपून घ्या आणि जीडीबीच्या 'डंप बायनरी मेमरी' कमांडने तेवढाच भाग वेगळा काढा. सुरुवातीचा पत्ता फाइलच्या नावातच लिहून ठेवा, नंतर तोच लागतो. मोठा ॲरे हीपमध्ये सापडला नाही तर त्यात नवल नाही. १२८ केबीच्या वरची मागणी ग्लिबसी (लिनक्सवरची सी भाषेची लायब्ररी) सहसा एमएमॅपने वेगळ्या जागी भागवते.

दोन वेळच्या डंपांची वजाबाकी करून फरकाचं चित्र काढायचं असेल तर एएसएलआर (पत्ते मुद्दाम हलवणारी सुरक्षेची सोय) बंद ठेवा, नाहीतर दर वेळी पत्ते हलतात, सगळे पॉइंटर वेगळे निघतात आणि चित्रात नुसती पुरळ दिसते. जीडीबीतून प्रोग्राम सुरू केला तर एएसएलआर आपोआप बंद असतो.

रुंदी चुकली की सगळं चुकलं

जवळजवळ सगळेजण चित्राची रुंदी १०२४ ठेवतात, कारण आकडा गोल वाटतो. डेटाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

समजा, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधल्या कांदा लिलावाच्या नोंदी ठेवणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम आहे. एका नोंदीत बाजाराचं नाव ३२ बाइट, क्विंटल ४ बाइट आणि भाव ४ बाइट, एकूण ४०. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा मॅलॉक (जागेची मागणी). मग रुंदी ४०च्या पटीत? नाही. ६४ बिटांच्या ग्लिबसीत प्रत्येक तुकड्याला ८ बाइटांचा हिशेब जोडलेला असतो आणि आकार १६च्या पटीत असतो. ४० अधिक ८, म्हणजे दर ४८ बाइटांनी नवी नोंद. १०२४ला ४८ने भागलं की १६ उरतात, म्हणून प्रत्येक ओळ १६ ठिपके सरकते आणि पट्टे तिरके पळतात. दिसायला झकास, वाचायला निरुपयोगी. रुंदी ९६० करा, म्हणजे ४८ गुणिले २०. क्षणात सगळं उभ्या रांगांत येतं.

नोंदीचा आकार माहीत नसेल तर नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) डेटा स्वतःवरच १, २, ३ असा ४०९६पर्यंत सरकवत जा आणि प्रत्येक वेळी किती बाइट जुळतात ते मोजा. शून्यांचे लांब पट्टे आधी वगळा, नाहीतर तेच जुळत राहतात. आमच्या उदाहरणात ४८, ९६, १४४ला शिखरं दिसतील. यांतला सगळ्यात लहान आकडा घ्या.

उभ्या रांगा लागल्या की मराठी मजकूर लगेच ओळखू येतो. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइटांची असते. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१च्या दरम्यान. उजळ-मध्यम-मध्यम अशी तीन ठिपक्यांची लय. उलट क्विंटल आणि भाव हे लहान आकडे, म्हणून त्यांचे वरचे बाइट ०. तिथे काळा पट्टा. त्याच्या लगेच पुढे ४९ची एक गडद उभी रेघ दिसते. ते ग्लिबसीने लिहिलेलं आकाराचं खातं: तुकडा ४८चा आणि मागचा तुकडा वापरात असल्याची खूण १.

आता समजा, या चित्रात असं दिसलं. एका ओळीत क्विंटल आणि भावाच्या काळ्या पट्ट्यात आठ उजळ ठिपके घुसलेत, आणि त्यांच्या पुढच्या ४९च्या रेघेत मधेच ० आहे. नाव वाचलं तर 'पिंपळगाव बसवंत'. मोजा: अक्षरं, मात्रा आणि अनुस्वार धरून १३ चिन्हं गुणिले ३ म्हणजे ३९, मधली स्पेस १, झाले ४०. जागा ३२ची. नंतर कुणीतरी नाव दुरुस्त करताना स्ट्रिंग-कॉपी वापरली आणि नावाचे शेवटचे आठ बाइट आकड्यांवर सांडले. क्विंटलच्या जागी आता उणे १,५२,८७,७७,३०८ दिसतं. स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला ४१वा बाइट पडला तो शेजारच्या तुकड्याच्या आकारावर, आणि ४९चं ० झालं.

गंमत अशी की प्रोग्राम इथे पडत नाही. शेजारी लासलगावची नोंद असेल तर ती फ्री करायला (जागा परत द्यायला) जाल तेव्हा ग्लिबसी तक्रार करून प्रोग्राम पाडते. मग सगळे लासलगावचा कोड तपासत बसतात, आणि केलेलं असतं पिंपळगावने. चित्रावरून पत्ता काढा: ओळ गुणिले ९६० अधिक रकाना, त्यात हीपचा सुरुवातीचा पत्ता मिळवा, ओळी आणि रकाने शून्यापासून मोजा. त्या पत्त्यावर जीडीबीत वॉचपॉइंट (तिथला आकडा बदलताच थांबवणारी खूण) लावून प्रोग्राम पुन्हा चालवा, दोन्ही वेळा एएसएलआर बंद हवा. कोडच्या ज्या ओळीत ४९चं ० होतं तिथेच तो थांबेल.

दुरुस्ती म्हणून नुसती स्ट्रिंग-एन-कॉपी ३२ लावली तर ती नवी चूक. ३२वा बाइट हा 'व'चा पहिला तुकडा आहे, अर्धं अक्षर राहतं आणि शेवटची खूण पडतच नाही. एसएन-प्रिंटएफला ३२ दिले तर योगायोगाने अक्षर तुटत नाही, पण नाव उरतं 'पिंपळगाव बस'. देवनागरी नावांना ३२ बाइट पुरत नाहीत. ६४ ठेवा किंवा लांबी बघून जागा मागा.

रंग

मॅटप्लॉटलिबला (पायथनची चित्रं काढायची लायब्ररी) आकड्यांचा ॲरे दिला की ते डेटातला सगळ्यात लहान आकडा एका टोकाला आणि सगळ्यात मोठा दुसऱ्या टोकाला ताणतं. दोन डंपांत हे टोकाचे आकडे वेगळे असले की सारखाच बाइट वेगळ्या रंगात येतो, आणि लोक 'बदल दिसला' म्हणून खूश होतात. किमान ० आणि कमाल २५५ स्वतः बांधून द्या, इंटरपोलेशन 'निअरेस्ट' ठेवा, म्हणजे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत नाहीत. इंद्रधनुषी 'जेट' रंगमाला टाळा. ती नसलेल्या कडा दाखवते.

राखाडी चित्रात मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डची (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या प्रोग्रामची) एक खास अडचण आहे. नवी, अजून न भरलेली हीप २०५ने भरलेली असते आणि न भरलेला स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या आकड्यांची जागा) २०४ने. सोडून दिलेली हीप २२१, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना राखण म्हणून २५३चे चार-चार बाइट. २०४ आणि २०५ डोळ्याला सारखेच. या चार किमतींना चार वेगळे ठळक रंग द्या आणि बाकी सगळं राखाडीच ठेवा. २५३च्या चौकडीतला एक जरी ठिपका वेगळा दिसला तर कुणीतरी हद्दीबाहेर लिहिलंय. रिलीज बिल्डमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे शोधत बसू नका.

लिनक्सवर हेच हवं असेल तर मॅलॉक-पर्टर्ब हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १६५ ठेवा. सोडलेली जागा १६५ने आणि नवी घेतलेली ९०ने भरते. लहान तुकडे टी-कॅशमधून (सोडलेले तुकडे पुन्हा वापरायला ठेवायचा साठा) फिरतात आणि ग्लिबसीच्या काही आवृत्त्यांत ते भरलेच जात नाहीत, म्हणून ग्लिबसीच्या ट्यूनेबलमधून टी-कॅशची संख्या ० करा. हे न करता काढलेल्या चित्रात 'मजकूर दिसतोय म्हणजे नोंद जिवंत आहे' असा निष्कर्ष काढू नका. फ्री केल्यावर ग्लिबसी जागा पुसत नाही. आणि काळं म्हणजे मोकळं, असंही नाही.

एन्ट्रॉपीचा (बाइट किती विस्कळीत आहेत याचं माप, जास्तीत जास्त ८) नकाशा काढत असाल तर एकच सूचना. २५६ बाइटांची खिडकी घेतली तर निव्वळ रँडम डेटाही ८ नव्हे, ७.२च्या आसपास दाखवतो, कारण नमुनाच तोकडा. 'आठच्या खाली आहे म्हणजे एन्क्रिप्टेड नाही' हे चूक. उजळ भाग एन्क्रिप्टेडच असेल असंही नाही. जेपेग आणि झिपही तसेच दिसतात. हिल्बर्ट वक्रावरचं (वळत वळत अख्खा चौकोन भरणारी रेघ) चित्र देखणं होतं, जवळचे बाइट जवळच राहतात, पण वर सांगितलेल्या उभ्या रांगा त्यात विरघळतात. ढोबळ प्रदेश बघायला हिल्बर्ट, नोंदी बघायला साध्या ओळी.

पीएनजी म्हणजेच डंप

ही चूक महागात पडते. पीएनजीमध्ये एकही बाइट हरवत नाही, त्यामुळे चित्र दिलं म्हणजे अख्खा डंप दिला. त्यात पासवर्ड, ओटीपी, ग्राहकांचे फोन नंबर सगळं असू शकतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करताना तिथल्या सर्व्हरचा डंप 'नुसतं चित्र आहे' म्हणून बाहेर टाकणं म्हणजे डेटाबेस टाकण्यासारखंच. बरेच जण स्ट्रिंग्ज कमांड (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी) चालवून बघतात, काही दिसत नाही, निर्धास्त होतात. ती कमांड मुळात ७ बिटांची अक्षरंच शोधते, देवनागरी तिला दिसतच नाही. एन्कोडिंगच्या पर्यायात मोठा 'एस' द्या, मग मराठी नावं बाहेर येतील. विंडोजच्या डंपात मजकूर बहुधा यूटीएफ-१६मध्ये असतो, तिथे हेही चालत नाही. एक सोडून एक बाइट ९ असलेले पट्टे पायथनने शोधा. प्रदर्शनासाठी सरळ खोटा डेटा भरलेला प्रोग्राम चालवा, हाच सोपा मार्ग.

छपाईला देताना

तपासायचं चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. जेपेग ८ बाय ८चे चौकोन करून दाबते, ४९ची रेघ ४६-५२ होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोठं चित्र लहान करताना सरासरी घेतली तर एकटा उजळ ठिपका पुसला जातो. बिघाड दाखवायचा असेल तर त्या चौकोनातली कमाल किंमत घ्या.

ए-३ कागद ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ ठिपक्यांचा. एका ठिपक्याला एक बाइट दिला तर बाइट ०.०८५ मिलिमीटरचा होतो, लांबून नुसता राखाडी धूर दिसतो. एक बाइट एक मिलिमीटर धरा: २९७ बाय ४२०, म्हणजे १,२४,७४० बाइट, ४०९६ बाइटांच्या पेजांत (मेमरी याच मापाच्या तुकड्यांत वाटलेली असते) मोजले तर तीसच्या जरा वर. म्हणून अख्खी मेमरी नको, बिघाडाभोवतीची एकोणतीस पेजं निवडा. रुंदी २८८ ठेवा, म्हणजे ४८ गुणिले ६, आणि उरलेल्या जागेत समास. चित्र स्वतः मोठं करून द्या, 'निअरेस्ट'नेच, १२ पट. फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते कडा मऊ करतं. एक पट्टी आधी छापून घ्या आणि त्यात २०४, २०५, २२१, २५३ यांचे नेमलेले रंग शेजारी शेजारी ठेवा. पडद्यावरचे ठळक निळे-हिरवे शाईत मळकट होतात, तेव्हा रंग तिथेच दुकानात बदला. चित्राखालच्या चिठ्ठीवर प्रोग्रामचं नाव, पत्त्यांची हद्द, रुंदी आणि कोणत्या किमतीला कोणता रंग दिला ते लिहा.