पावसाळ्यात घोडबंदर रोडवर स्कूटर: खड्डा दिसला तरी वळू नका

ठाण्यातलं वाघबीळ ते नौपाडा, जेमतेम दहा किलोमीटर. सोळा वर्षं मी हा रस्ता स्कूटरवरून कापते आहे, ही माझी तिसरी गाडी. यंदा भाची नोकरीसाठी कराडहून आमच्याकडे राहायला आली. मे महिन्यात पक्कं लायसन्स हातात पडलं आणि तिने विचारलं, "मावशी, पावसात वेगळं काय करायचं असतं?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी, ऐन वेळी खड्डा चुकवायला जाऊ नका.

ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून माझंच सांगते. तीन वर्षांपूर्वीचा जुलै, मानपाड्याच्या अलीकडे मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे लागलेले, डावीकडे पत्रे आणि उजवीकडे कंटेनर. समोर पाण्याने भरलेला खड्डा आला आणि मी सवयीने हँडल उजवीकडे मारलं. पुढे काय झालं ते धड आठवत नाही. घरी येऊन रेनकोट काढला तर उजव्या बाहीवर कोपरापासून खांद्यापर्यंत ग्रीसचा काळा पट्टा होता, कंटेनरचा कुठला तरी भाग घासून गेलेला. तीनदा धुतला, डाग गेला नाही. रेनकोट अजून तोच वापरते.

खड्ड्यात सरळ गेलात तर रिम वाकेल, शॉकअप जाईल, फार तर तुम्ही पडाल. ऐन वेळी वळलात तर मागून येणाऱ्याला तुमचा अंदाजच येत नाही, आणि या रस्त्यावर मागून येणारा बरेचदा अठरा चाकी असतो. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारा माल इथूनच जातो.

सरळ जायचं म्हणजे कसं? खड्डा लांबून दिसला तर आरशात बघून, इंडिकेटर देऊन सावकाश बाजूला व्हा, ते चालतं. जवळ आल्यावर दिसला तर ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही ब्रेक लावून जमेल तेवढा वेग कमी करा आणि चाक खड्ड्यात उतरायच्या आधी ब्रेक सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, खड्ड्याचा दणका घ्यायला त्याच्यात जागाच उरत नाही. हँडल सरळ, कोपरं सैल, आणि सीटवरून जरासं उठायचं, पायांवर वजन घेऊन. भाचीला हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्पीडब्रेकरवर वीस वेळा करायला लावलं. वॉचमन हसत होता. हसू दे.

ब्रेकचं आणखी एक. डावा दाबला की झालं, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर कॉम्बी ब्रेक असतो, म्हणजे डावा दाबला की पुढचं चाकही थोडं धरतं. तरी उजवा सोबत लागतोच, हळूहळू दाबत. गाडी कललेली असताना मात्र कुठलाच ब्रेक करकचून दाबू नका.

निसरड्या जागा पाठ करून टाका: झेब्राचे पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी जॉइंट, कामाच्या ठिकाणी अंथरलेल्या लोखंडी प्लेटा. यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. पहिल्या पावसात तर अख्खा रस्ताच तेलकट असतो, चार चांगल्या सरींनी धुतला गेला की जरा बरा. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती डांबर आणि पेव्हर ब्लॉकच्या मधल्या लांबट कडेची. दोन बोटं उंचीची असते, पण चाक तिला समांतर लागलं की गाडी पायाखालून निसटते. ओलांडायचीच असेल तर वेग कमी करून, तिरकं न घासता, कडेला जितकं काटकोनात जाता येईल तितकं जा. सर्व्हिस रोडवरून मेन रोडला लागताना ही कड हमखास भेटते.

पाणी साचलंय आणि खाली काय आहे कळत नाही? पुढे रिक्षा शोधा. ती दचकली की खड्डा कुठे ते कळतं. तिच्या मागच्या एका चाकाच्या रेषेत राहा, पण अंतर ठेवून. रिक्षावाले कधी थांबतील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं.

कंटेनरच्या डाव्या अंगाला कधीही रेंगाळू नका. ड्रायव्हर उजवीकडे आणि उंच बसतो, त्याच्या केबिनच्या डाव्या दाराखाली तुम्ही त्याच्यासाठी नसताच. शिवाय वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. कापूरबावडीला, माजिवड्याला त्याच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीत घुसणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. आपण थांबायचं. मागचे हॉर्न मारतील, "बाई आहे, म्हणून" असंही म्हणतील. सोळा वर्षं ऐकते आहे.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपराचं रक्षण करतं. काच पांढरी हवी, काळी नको. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका, बाजूचं दिसत नाही. ओढणी रेनकोटच्या आत. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचंच आहे, "जवळच तर जायचंय" हे कारण कायद्यात नाही. चार वर्षांखालचं मूल असेल तर चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ४० च्या वर नाही.

टायरच्या नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदला. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, हा सल्ला मला दोन गॅरेजवाल्यांनी दिला. ऐकू नका, कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

कुणी पडलेला दिसला तर गाडी बाजूला लावा, आधी मागची वाहतूक थांबवा, मग १०८. त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. पोलिसांच्या झंझटीची भीती बाळगू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

आणि खड्ड्याचा फोटो काढून महापालिकेकडे तक्रार जरूर करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आहे. माझ्या घरच्यांना ते ६ लाख नकोत, म्हणून वरचं सगळं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाची संध्याकाळी चिखलाने माखून घरात आली, रडवेली. "मावशी, पातलीपाड्याला खड्ड्यात गेले. रिम वाकली गं."

"वळलीस का?"

"नाही."

मी आल्याचा चहा टाकला. रिम दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने ठोकून सरळ करून दिली, अडीचशे रुपये घेतले.