बिनमायचं वासरू आणताय? आधी घमेलं भरा

माय मेलेलं, बरगड्या दिसणारं वासरू घरी आणायचं ठरलं की सगळ्यात आधी पाण्याचं घमेलं काढा. दुधाचं कोणी विसरत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी बाटली आणली, जास्तीचं निप्पल आणलं, गाईच्या दुधाचा रतीब लावला. पाणी मात्र ठेवलंच नाही. दूध पितंय तर पाणी कशाला, असं वाटलं. पुढे सांगतो.

सावली, दावं, अंगाखाली सुकं कुटार, हे तुम्हाला कळतंच. बेंबी ओली असेल तर टिंचर आयोडीन लावा, नाहीतर माश्या बसतात.

चीक प्यालंय का, हे देणाऱ्याला खोदून विचारा. जन्मून चोवीस तास झाले नसतील तर गावात कोणाची गाय नुकती व्याली असेल तिचा मागून आणा. पहिल्या सहा तासांत मिळाला तर उत्तम. चोवीस तासांनंतर त्यातली रोगाशी लढायची ताकद रक्तात उतरत नाही. चीक कोमट पाण्यात भांडं ठेवूनच गरम करा. चुलीवर ठेवलात तर खरवस होईल, तो पोरं खातील.

थर्मामीटर हवाच, माणसाचा चालतो. शेपटीखालून लावा. ताप शंभरच्या खाली असेल, तोंडात बोट घातल्यावर गार लागत असेल, तर दूध पाजू नका. आधी पोत्यानं अंग घासा, पांघरूण घाला, ऊब येऊ द्या.

दुधाचा हिशेब वजनाच्या दहाव्या भागाचा. वीस किलोच्या वासराला दिवसाला दोन लिटर, तेही चार वेळा अर्धा अर्धा लिटर. वजनाला कापूस मोजायचा काटा घरात असतोच. हडकुळं आहे म्हणून एकदम पोटभर पाजाल तर हगवण ठरलेली. दूध अंगाइतकं कोमट असू द्या. बाटली समोरून धरा, मान वर खेचू नका. बांबूच्या नळीनं तर ओतूच नका, दूध फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया.

आता पाणी. चोखलेलं दूध सरळ चौथ्या पोटात जातं, पहिलं पोट कोरडंच राहतं. खुराक जिरवायचं काम त्या पहिल्या पोटाचं, आणि ते पाण्याशिवाय चालू होत नाही. वर आपल्याकडचा पंचेचाळीसचा पारा. माझ्या वासराला तिसऱ्या दिवशी हगवण लागली. शेजारच्या काकांनी सांगितलं, दूध बंद करा. मी केलं, आणि पाणी तर नव्हतंच. सांजेला डोळे खोल गेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर धोतराच्या चुणीसारखी तशीच उभी राहिली. सलाईन लावलं तोवर रात्र झाली होती. सकाळी नव्हतं.

म्हणून पाणी. पहिल्या दिवसापासून, स्वच्छ, दुधात न मिसळता. पाजल्यावर अर्ध्या तासानं घमेलं पुढं करा, बोट चोखायला देत तोंड पाण्याशी न्या. हगवण लागली तर दूध तोडू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून द्या. चार पुड्या आधीच आणून ठेवा, रात्री दुकान उघडं नसतं. कातडी उभी राहायची वाट पाहू नका, आधीच १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन लावा.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा तयार खुराक, सोबत कोवळं गवत. सरकीची ढेप नको. घरात पोतं भरलेलं असलं तरी नको. त्यातलं गॉसिपॉल मोठं जनावर पचवतं, वासराला ते विष आहे. आणि खुराक सुरू म्हणजे पाणी जास्त, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

बाकी थोडक्यात. जंताचं औषध वासरू दहा-पंधरा दिवसांचं झालं की, डोस वजनावर, डॉक्टरांना विचारून. गोचीड हातानं वेचा. चार महिन्यांनी लाळ्या-खुरकूतची लस, घटसर्प-फऱ्याचं सहा महिन्यांनी. रोज पाऊण-एक किलो खुराक खायला लागलं की दूध हळूहळू कमी करा. दूध सुटलं की पाणी भराभर संपतं, तेव्हा घमेल्याच्या जागी बादली ठेवा.