कोंबडीची पिल्ले पाळताना या चुका टाळा

पिल्ले आधी घरी आणायची आणि उबेची सोय नंतर शोधायची, ही सर्वांत घातक चूक आहे. आठवडी बाजारात रंगवलेली पिल्ले दिसतात, मुले हट्ट धरतात आणि संध्याकाळी ती पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात एलईडी बल्बखाली येऊन बसतात. त्या बल्बचा उजेड भरपूर असतो. ऊब मात्र पिल्लांपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबाने ऐन डिसेंबरात हेच केले. पिल्ले रात्रभर ओरडत होती आणि ती भुकेली आहेत असे समजून घरची माणसे पुन्हापुन्हा दाणे टाकत राहिली. सकाळी मला बोलावले, तेव्हा सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली होती आणि तळाची दोन गुदमरून मेली होती. मी 60 वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावला, पुठ्ठा वाकवून कोपरे गोल केले आणि थोड्याच वेळात उरलेल्यांचा आक्रोश थांबला.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान असावे. त्यानंतर दर आठवड्याला ते साधारण 3 अंशांनी उतरवावे आणि पूर्ण पिसे येईपर्यंत, म्हणजे 5 ते 6 आठवडे, उबेची व्यवस्था हाताशी ठेवावी. मी तापमापक ठेवतो, परंतु निर्णय पिल्लांकडे पाहून घेतो: ती बल्बखाली दाटी करत असतील तर बल्ब खाली घेतो, चोची उघडून कडेला पळत असतील तर वर घेतो आणि खोकेभर विखुरलेली असतील तर कशालाही हात लावत नाही. पिल्ले येण्याआधी एक रात्र रिकामे खोके तापवून पाहण्याइतका धीर ज्यांना नाही, त्यांनी पिल्ले आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बल्ब नुसत्या वायरवर कधीही लोंबकळत ठेवू नये. तो खाली पसरलेल्या भाताच्या तुसावर पडला तर आग लागू शकते.

रंग घालवण्यासाठी पिल्लांना आंघोळ घालणे हा तर निव्वळ जीवघेणा प्रकार आहे. त्यांच्या अंगावर अजून लवच असते, ती भिजली की अंगातली ऊब टिकत नाही. रंग तर नवी पिसे येताना आपोआप जातो.

खाली वर्तमानपत्र पसरू नये, कारण गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि कोवळी पिल्ले लंगडी होतात; भाताच्या तुसाचा दोन इंचांचा थर पुरेसा आहे. तूस ओले झाले की त्याच दिवशी बदलावे, कारण रक्ती हगवण ओलाव्यातच फोफावते. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. तांदळाच्या कण्यांवर पिल्ले वाढत नाहीत. सुमारे 20 टक्के प्रथिने असलेले चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर ती ओढून न काढता कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवावी आणि तेवढा भाग लगेच कोरडा करावा. बाजारातल्या पिल्लांना लस दिलेली असेलच असे गृहीत धरू नये. मानमोडीची, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची, पहिली लस साधारण पहिल्या आठवड्यातच द्यायची असते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच चौकशी करावी. पिल्लांना हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.