एक्सोसोमचं उत्पादन वाढेना, तेव्हा काय केलं

एचईके-२९३टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमधून जास्त एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात ती सूक्ष्म पुटकं, मिळवायचे होते. झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २०१८ मध्ये दाखवलेली, एक्सोसोमचं उत्पादन वाढवणारी तीन जनुकं घेतली: स्टीप३, सिंडेकॅन-४ आणि ई. कोलायच्या एल-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेझचा तुकडा. या तिसऱ्याचं मला फार अप्रूप. जिवाणूचं चयापचयातलं एन्झाइम मानवी पेशीत घालायचं, ही कल्पनाच किती धाडसी!

अडचण अशी, की सीडी६३ला (एक्सोसोमवरच्या खुणेच्या प्रथिनाला) जोडलेल्या नॅनोल्यूक या उजेड देणाऱ्या एन्झाइमचा उजेड पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, भरपूर दिसे, पण कणांची मोजणी त्याला साथ देत नसे. मरणाऱ्या पेशींतूनही हे प्रथिन बाहेर सांडतं, म्हणून आधी जिवंत पेशी मोजल्या आणि आकडे दर पेशीमागे काढले. कॅलनेक्सिन या पेशीच्या आतल्या प्रथिनासाठी ब्लॉट (प्रथिन ओळखायची चाचणी) केला. ते दिसलं तर नमुन्यात पेशींचा कचरा आहे असं समजायचं.

खरा फरक पडला तो प्लाझ्मिडमुळे, म्हणजे जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळामुळे. तीन वेगळे प्लाझ्मिड दिले की एखाद्या पेशीत एकच जनुक पोहोचतं, तर दुसरीत दोन. तिन्ही जनुकं पी२ए या छोट्या दुव्याने (त्यामुळे प्रथिनं वेगवेगळी बनतात) जोडून एकाच प्लाझ्मिडवर घेतली, तेव्हा उजेड आणि कण दोन्ही एकत्र वाढले.

आणि सीरम! माध्यमात घालायच्या गाईच्या सीरममध्ये तिचे स्वतःचे पुटक असतात. सीरम १,००,००० जी वर (गुरुत्वाच्या एक लाख पट) रात्रभर फिरवून ते पुटक काढा आणि पेशी नसलेल्या नुसत्या माध्यमाचा कंट्रोल दर वेळी ठेवाच.