मोठ्या आतड्याचा कॅन्सर, वंश आणि जगण्याचे आकडे: अर्थ लावताना या चुका टाळा

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतो. त्याने होणारे मृत्यू मात्र सुमारे ४० टक्के जास्त आहेत. अभिनेता चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला. २०१६ मध्ये निदान झालं तेव्हाच आजार तिसऱ्या स्टेजला पोचला होता. त्याच्या जाण्यानंतर या विषयावर आपल्याकडेही थोडंफार बोललं गेलं. आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ लावताना पुन्हा पुन्हा त्याच चुका होतात. आणि इथे चुकीच्या अर्थाची किंमत मोठी असते. टाळता येण्याजोगे मृत्यू जन्मानेच ठरलेले आहेत असं एकदा मानलं, की ते टाळायला कुणी पुढे येत नाही.

फरक दिसला की थेट जनुकांकडे धावणं

‘त्यांच्या गाठीच जास्त आक्रमक असतात’ हे वाक्य कानाला शास्त्रीय वाटतं, म्हणून ते कुणी तपासत नाही. तपासायचं तर आधी इतिहास पाहावा. १९८९ पूर्वी अमेरिकेत हा कॅन्सर गोऱ्या पुरुषांना कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षा बहुतेक वर्षी जास्त होत असे, आणि स्त्रियांमध्ये दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखं होतं. त्यानंतर चित्र उलटलं. मृत्यूंचे आकडे तर अधिक बोलके आहेत. १९६० ते २००५ या काळात गोऱ्या स्त्रियांमधला मृत्युदर ५४ टक्क्यांनी घसरला, गोऱ्या पुरुषांमधला ३९ टक्क्यांनी. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तो जेमतेम १४ टक्क्यांनी खाली आला आणि कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये २८ टक्क्यांनी चक्क वाढला.

दोन पिढ्यांत कुठल्याही समाजाची जनुकं अशी पालटत नाहीत. बदललं होतं वैद्यकशास्त्र. कोलोनोस्कोपीमुळे, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने सगळं मोठं आतडं पाहण्याच्या तपासणीमुळे, पॉलिप (अस्तरावर उगवणारी छोटी गाठ) कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येऊ लागला. तिसऱ्या स्टेजच्या रुग्णाला ऑपरेशननंतर केमोथेरपी द्यावी, ही शिफारस १९९० मध्ये झाली. ज्यांना या सोयी गाठता आल्या त्यांचे मृत्यू कमी झाले. हातात फारसे उपचार नव्हते तेव्हा आजची ही दरी नव्हती. उपचार आले आणि ती रुंदावत गेली. जनुकांचा मुद्दा मांडणाऱ्याने या कालक्रमाला आधी उत्तर द्यायला हवं.

दुसरी तपासणी भूगोलाची. आफ्रिकी मूळ हेच कारण असेल तर आफ्रिकेत हा आजार भरपूर दिसायला हवा. ग्रामीण दक्षिण आफ्रिकेत त्याचं प्रमाण लाखात पाचपेक्षाही कमी सांगितलं जातं, आफ्रिकी अमेरिकनांमध्ये ते ६५ च्या घरात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिट्सबर्गच्या २० आफ्रिकी अमेरिकनांना दोन आठवडे आफ्रिकी खेड्यातलं भरपूर तंतुमय, कमी चरबीचं जेवण दिलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २० ग्रामस्थांना अमेरिकी जेवण. तेवढ्यात आतड्यातले जिवाणू, त्यांनी तयार केलेली रसायनं आणि आतड्याच्या अस्तरातली पेशींची वाढ, हे सगळं दोन्हीकडे एकमेकांच्या उलट दिशेने बदललं. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही आणि टळतही नाही, हे खरं. पण आतड्याचं जीवशास्त्र ताटात काय पडतं त्यावर इतकं हलत असेल, तर ते वंशाच्या नावावर कसं टाकायचं?

स्टेजला ‘गाठीचा स्वभाव’ समजणं

ही चूक जाणकारांकडूनही होते, म्हणून इथे जरा थांबू या.

२०१८ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात १८ ते ६४ वयाच्या रुग्णांची तुलना होती. पाच वर्षं जगलेल्यांच्या प्रमाणात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात ९.२ टक्क्यांचं अंतर होतं. वयासारख्या गोष्टी जुळवून, म्हणजे दोन्ही गटांत सारख्या ठेवून पाहिल्या, तरी ते हललं नाही. मग विम्याची स्थिती जुळवली, तर अंतर ४.९ वर आलं. म्हणजे जवळजवळ अर्धं अंतर केवळ विमा आहे की नाही, आणि कोणता आहे, यात होतं. त्यानंतर ‘गाठीची वैशिष्ट्यं’ जुळवली आणि ते २.३ वर उतरलं.

घाईत वाचणारा म्हणतो, ‘बघा, चौथा हिस्सा तर जीवशास्त्राचा निघाला.’ पण अशा अभ्यासांतल्या ‘गाठीच्या वैशिष्ट्यां’मध्ये स्टेज असते. स्टेज म्हणजे निदानाच्या दिवशी आजार कुठवर पोचला होता याची नोंद. गाठ मुळातच वेगाने पसरणारी होती म्हणून तो दूर गेला, की दोन वर्षं कुणी तपासलंच नाही म्हणून गेला, हे स्टेजवरून कळत नाही. आणि या एका आकड्यावर तर आयुष्य टांगलेलं असतं: आजार आतड्यापुरताच असेल तर पाच वर्षांनी दहातले सुमारे नऊ रुग्ण हयात असतात, यकृत-फुप्फुसापर्यंत गेला असेल तर दहातला एखाद-दुसरा.

म्हणून असा अभ्यास हाती आला की निष्कर्षाआधी त्याचे तक्ते उघडा. स्टेज, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), गाठीची जागा आणि म्युटेशन (जनुकातला बदल) या चार गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत का ते पाहा. सगळ्या एकाच गठ्ठ्यात असतील, तर त्या गठ्ठ्याला जीवशास्त्र म्हणू नका.

उपचार ‘उपलब्ध’ होते म्हणजे मिळाले, असं धरून चालणं

२००५ मध्ये मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी विमा असलेल्या वयस्क रुग्णांचा एक अभ्यास आला. तिसऱ्या स्टेजच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या रुग्णांची कॅन्सरतज्ज्ञांशी भेट जवळपास सारख्याच प्रमाणात झाली होती. तरी केमोथेरपी गोऱ्यांपैकी ७०.४ टक्क्यांना मिळाली, कृष्णवर्णीयांपैकी ५९.३ टक्क्यांना. दवाखान्याच्या दारापर्यंत दोघंही पोचले होते. आतल्या गोष्टी, म्हणजे इतर आजार, ने-आण करायला घरचं माणूस असणं, डॉक्टरांशी झालेलं बोलणं, सरकारी नोंदीत नीट उतरत नाहीत. नोंदीत न दिसणारं कारण म्हणजे जनुक, असा अर्थ काढायची घाई इथेच होते.

याला सर्वांत ठाम उत्तर दिलं डेलावेअर या छोट्या राज्याने. २००१ नंतर तिथे राज्यभर कार्यक्रम राबवला गेला. विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी राज्याच्या खर्चाने, रुग्णाला हाताला धरून तारखेपर्यंत नेणाऱ्या परिचारिका, आणि कॅन्सर निघालाच तर विमा नसलेल्यांच्या उपचाराची सोय. आठ-नऊ वर्षांत आफ्रिकी अमेरिकनांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेलं आणि गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. उशिरा सापडणाऱ्या, पसरलेल्या कॅन्सरचा वाटा ७९ वरून ४० टक्क्यांवर आला. मृत्युदर ४२ टक्क्यांनी कमी होऊन गोऱ्यांच्या जवळ टेकला. लोक तेच होते, त्यांची जनुकंही तीच. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण आधी सांगते.

‘मृत्यू’ आणि ‘या कॅन्सरने मृत्यू’ यांची गल्लत

ऑपरेशननंतरच्या केमोथेरपीच्या १२ चाचण्यांमधल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांचं एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये झालं. ठरलेले, सारखे उपचार मिळूनही कृष्णवर्णीय रुग्णांचे एकूण मृत्यू जास्त होते. पण कॅन्सर उलटून येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. गाठच जास्त चिवट असती तर आधी ती परतून आली असती. तेव्हा आलेखाखालची ओळ वाचा: मोजलं काय आहे, कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू की कॅन्सरचं परतणं?

आणि उलट टोक: जीवशास्त्राला हातच न लावणं

वरचं सगळं पटल्यावर ‘गाठींमध्ये फरक नसतोच’ म्हणणं हीसुद्धा चूकच. फरक आढळतात. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला असण्याचं प्रमाण जास्त आहे. लवचीक नळीची छोटी तपासणी, सिग्मॉइडोस्कोपी, फक्त डाव्या भागापर्यंत जाते. तिच्यावर भागवलं तर उजवीकडची गाठ निसटते. तिसऱ्या स्टेजच्या एका मोठ्या चाचणीत केआरएएस जनुकातली म्युटेशन कृष्णवर्णीयांच्या ४४ टक्के गाठींत होती, गोऱ्यांच्या ३५ टक्के. बीआरएएफ नावाच्या जनुकातली, आजार बिकट करणारी म्युटेशन मात्र उलट: गोऱ्यांत १४ टक्के, कृष्णवर्णीयांत ६. म्हणजे जीवशास्त्रसुद्धा एकाच दिशेला बोट दाखवत नाही.

शिवाय गटाची टक्केवारी माणसावर लावता येत नाही. ४४ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांत ती म्युटेशन नव्हतीच. केआरएएस बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध सहसा चालत नाही. गाठीत डीएनए-दुरुस्ती बिघडलेली, म्हणजे एमएसआय-हाय स्थिती असेल, तर पसरलेल्या आजारातही पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी पहिल्यापासून देता येते. हे ठरतं गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून. कातडीच्या रंगावरून अंदाज बांधला तर एखाद्याला निरुपयोगी औषध मिळेल आणि एखाद्याचं कामाचं औषध हुकेल. आफ्रिकी अमेरिकनांच्या अंगी सरासरी एक पंचमांश ते एक चतुर्थांश युरोपीय वारसा असतो, आणि जनगणनेच्या अर्जातली खूण पाहून तो कुणाला कळत नाही.

संशोधनातली खरी उणीव वेगळी आहे: गाठींच्या जनुकीय नोंदी प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांच्या आहेत. २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या संशोधकांनी आफ्रिकी अमेरिकनांच्या गाठी मुद्दाम तपासल्या, तेव्हा आधी लक्षात न आलेली काही बदललेली जनुकं सापडली. आधी कुणी शोधलीच नव्हती. असं काम वाढायला हवं, फक्त त्याने विम्याचा प्रश्न झाकला जाऊ नये.

‘एशियन’ या रकान्यात स्वतःला शोधणं

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, हे तुमच्यासाठी. अहवालात ‘एशियन’ गटाचे आकडे दिलासा देणारे दिसतात. त्या रकान्यात जपानी, कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि भारतीय सगळे एकत्र असतात, आणि त्यांच्यातलं प्रमाण एकमेकांपासून बरंच दूर आहे. त्या सरासरीवर विसंबून तपासणी पुढे ढकलू नका. २०२१ पासून अमेरिकेत सर्वसाधारण जोखमीच्या प्रत्येकासाठी तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं आहे, घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याहूनही आधी.

आणि अमेरिकेचे निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्रात उचलून आणू नका. भारतात हा आजार एकूण कमी असला, तरी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत येणारे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण असतात, गुदाशयाच्या गाठी पुष्कळ असतात, आणि ‘सिग्नेट रिंग’ हा वाईट प्रकार जास्त दिसतो. यातलं किती खरं जीवशास्त्र आणि किती उशिरा झालेलं निदान, हा प्रश्न इथेही तसाच विचारायला हवा. कारण शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे आधी मूळव्याधीचं औषध सुरू होतं, तेही कित्येकदा कुणी न तपासता. चाळिशीच्या आतला माणूस असला तरी रक्त जात राहिलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर गुदाशयाची बोटाने तपासणी आणि कोलोनोस्कोपी यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. गाठ निघालीच, तर बायोप्सीच्या अहवालात एमएसआय किंवा एमएमआर तपासणी (डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का, ते पाहणारी) झाली आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.