आधी वही, मग बुकिंगचं सॉफ्टवेअर

क्लबने बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की कमिटीतलं कुणीतरी लगेच स्लॉट पाडायला बसतं. थांबवा त्यांना. आधी वही घेऊन क्लबभर चक्कर मारा आणि जिच्यावरून एकाच वेळी दोघांचं वाजू शकतं, अशी प्रत्येक जागा वेगळ्या ओळीत लिहा. टेबल टेनिसची दोन टेबलं एकाच खोलीत असली तरी नोंदी दोन. कॅरमच्या खोलीसाठी कधी कुणी भांडलं नसेल, तर ती यादीत घेऊच नका.

मी बडोद्यातल्या एका क्लबचं बुकिंग सांभाळते. आमची खरी डोकेदुखी मोठा हॉल. सकाळी तिथे बॅडमिंटनची तीन कोर्टं, संध्याकाळी खांब हलवले की बास्केटबॉल. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, बास्केटबॉलचं २८ बाय १५. तिन्ही कोर्टं आडवी त्यातच बसतात. या चार नोंदी सुट्या ठेवल्या, तर सॉफ्टवेअर चौघांनाही खुशाल ‘बुकिंग पक्कं’ म्हणून मेसेज धाडतं. म्हणून ‘पूर्ण हॉल’ ही मुख्य नोंद करा, तीन कोर्टं तिच्या पोटात टाका आणि बास्केटबॉल पूर्ण हॉलवरच घ्या. मग खोटं बुकिंग करून बघा. हॉल घेतल्यावर तिन्ही कोर्टं बंद दिसली पाहिजेत. उलटंही बघा, हे बहुतेक जण विसरतात: एकच कोर्ट घेतलं तरी हॉल मिळता कामा नये. अशी जोडणी करायची सोयच नसेल, तर वेळा वाटून टाका, पाचपर्यंत बॅडमिंटन, सव्वापाचपासून बास्केटबॉल. मधली पंधरा मिनिटं खांब हलवणाऱ्याची, ती कुणालाही विकू नका.

नाव तेच द्या, जे भिंतीवर रंगवलंय. आमच्या एका कोर्टाला सगळे ‘काकांचं कोर्ट’ म्हणतात, पण नव्या सभासदाला काका कुठे माहीत! नोंदी दहाच्या वर जाणार असतील तर ०१, ०२ असे आकडे घाला, नाहीतर बऱ्याच याद्यांत १ नंतर थेट १० येतो. गट खेळाप्रमाणे पाडा. सभासद ‘बॅडमिंटन’ शोधतो, ‘पहिला मजला’ नाही.

उघड्यावरच्या टेनिस कोर्टाला दिवे नसतील, तर शेवटचा स्लॉट ऋतूप्रमाणे बदला. इथे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर.

मॅट उखडली, छत गळतंय, तर नोंद पुसू नका, ‘बंद’ करा. पुसली की जुनी बुकिंगं आणि पावत्याही सोबत जाऊ शकतात, आणि ऑडिटच्या वेळी खजिनदार तुमच्याच टेबलापाशी येऊन उभे राहतात. कोचिंगच्या बॅचेस मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच दर आठवड्याच्या हिशेबाने अडवून ठेवा.

शेवटी सणांचं कॅलेंडर. ग्राउंड गरब्याला देत असाल तर नवरात्राच्या नऊ रात्री अडवून भागत नाही. आधीचे मांडवाचे आणि नंतरचे खड्डे बुजवायचे दिवसही धरा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, अख्खं बडोदं गच्चीवर. उघडी कोर्टं दोन्ही दिवस बंद ठेवा आणि १६च्या सकाळचे पहिले दोन तास मांजा वेचायला राखा. कारणाच्या रकान्यात ‘सफाई’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर सहा वाजता फोन येतोच: “आज आमचं कोर्ट कुणाला दिलंत?”