‘त्या घटनेनंतरच आजार सुरू झाला’ ही शंका कशी पडताळावी

अपघातानंतर काही महिन्यांतच सांधे सुजू लागले, किंवा घरातल्या मृत्यूचे दुःख ओसरण्याआधीच अंगावर सोरायसिस या त्वचारोगाचे चट्टे उठले, की मन या दोन गोष्टींची सांगड घालून मोकळे होते. आजार स्वयंप्रतिकार असेल, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीराच्याच पेशींवर उलटल्याने होणारा असेल, तर ती सांगड खरीही असू शकते. मात्र तपासताना सुरुवात घटनेपासून न करता आजारापासून करावी आणि तेथून मागे जावे.

एका कागदावर घटनेची तारीख न घालता केवळ लक्षणे लिहून काढावीत. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहणे, टाच दुखणे, डोळा वारंवार लाल होणे, कोपरावर खपली धरणारा लहानसा चट्टा, नेहमीची अंगठी बोटातून निघेनाशी होणे, अशा किरकोळ वाटलेल्या गोष्टीही त्यात याव्यात. तारखा आठवणीतून न काढता जुने केसपेपर, रक्ताचे अहवाल आणि फोनमधली छायाचित्रे पाहून ठरवाव्यात, कारण मोठ्या घटनेनंतर स्मृती सगळे काही त्या घटनेनंतरच्या काळात सरकवते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांना ग्रासणारा आजार) या स्वयंप्रतिकार आजारांत तर शरीराच्याच घटकांविरुद्धची प्रतिपिंडे लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीपासून अनेकांच्या रक्तात सापडतात. अशा रुग्णाला दोन महिन्यांपूर्वी बसलेल्या धक्क्याने आजार भडकू शकतो. आजाराची मुळे मात्र त्याआधीची असतात.

मार शारीरिक असेल, तर इजेची जागा आणि मध्ये गेलेले दिवस पाहावेत. सोरायसिसच्या काही रुग्णांत खरचटलेल्या, भाजलेल्या किंवा टाके घातलेल्या जागीच, बहुधा १० ते २० दिवसांत, नवा चट्टा उठतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश कोबनर यांनी नोंदवलेला हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, सोरायसिस असलेल्यांना हाड किंवा सांध्याला इजा झाल्यावर सोरायसिसजन्य संधिवाताचा धोका वाढलेला दिसला. केवळ त्वचेच्या इजेनंतर तो तसा दिसला नाही. सर्वांत ठळक उदाहरण डोळ्याचे आहे. एका डोळ्याला आरपार जखम झाली की प्रतिकारशक्तीपासून एरवी लपलेली प्रथिने उघडी पडतात आणि क्वचित दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही दाह (प्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज आणि लाली) सुरू होतो. लुई ब्रेल यांचा एक डोळा तिसऱ्या वर्षी चामड्याच्या आरीने जखमी झाला. पुढे दुसराही गेला, तो बहुधा असाच.

मानसिक आघाताचा पुरावा व्यक्तीपेक्षा समूहात स्पष्ट दिसतो. २०१८ च्या एका स्वीडिश अभ्यासात आघातोत्तर ताण आणि तत्सम विकारांचे निदान झालेल्या १ लाखाहून अधिक लोकांमध्ये स्वयंप्रतिकार आजारांचे प्रमाण वर्षाला हजारी सुमारे ९ होते, तर तसे निदान नसलेल्यांत सुमारे ६. फरक खरा आहे, पण बहुसंख्य लोकांना आजार झालाच नाही, हेही तेच आकडे सांगतात. दीर्घकाळच्या ताणात दाह आवरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला पेशी पुरेशी दाद देत नाहीत आणि दाहावरचा लगाम सैल होतो. त्यात झोपेची आबाळ आणि वाढलेले धूम्रपान भर घालतात. म्हणून कागदावर त्या काळातील झोप, सिगारेट, संसर्ग आणि नवी औषधे यांचाही रकाना हवा. (‘टेन्शन घेतलेस म्हणून झाले’ असे ऐकवणाऱ्या नातेवाइकांना हा कागद दाखवू नये, जोखीम वाढणे आणि रुग्णाचा दोष असणे यांतला फरक त्यांना त्यातून कळत नाही.)

डॉक्टरांकडे ‘हे अपघातामुळेच झाले ना?’ असा प्रश्न नेण्याऐवजी तारखांचा कागद न्यावा, आणि दाह सक्रिय आहे का, त्यासाठी सीआरपीसारख्या (दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन मोजणाऱ्या) कोणत्या तपासण्या हव्यात, हे विचारावे. सीआरपी वाढलेला असला तरी त्यावरून कारण कळत नाही, आणि तो सामान्य असला म्हणून आजार नाही असेही नसते. कारणाचा शोध चालू असताना औषधे थांबवू नयेत. दुःस्वप्ने, दचकणे, घटनेची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळत राहणे चालूच असेल, तर त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत. सांध्यांच्या गोळ्यांनी ते भागत नाही. जखमेनंतर एकच सांधा गरम, लाल होऊन ताप आला, तर मात्र हा सारा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. आणि सोरायसिस असलेल्याने शस्त्रक्रिया किंवा गोंदण ठरवण्यापूर्वी, जखमेच्या जागी पूर्वी कधी चट्टे उठले होते का, हे त्वचारोगतज्ज्ञांना आधीच सांगावे.